एक वाजताची नोंद

मी ज्या केंद्रात नोकरीला लागलो त्याला रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कोणी केंद्र म्हणत नसे. ‘पाणीवाल्यांचं ऑफिस’ म्हणत. त्यामुळे वस्तीत नवीन राहायला आलेलं कोणी ना कोणी महिन्यातून एकदा नळाला पाणी येत नसल्याची तक्रार घेऊन आमच्या दारात उभं राही, आणि आमचे साहेब त्याला शांतपणे नगरपालिकेचा रस्ता दाखवत.

आमचं पाणी समुद्राचं होतं. देशाच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी अशी छोटी केंद्रं उघडलेली होती. प्रत्येकाने आपापल्या बंदरात समुद्राची पातळी उजेड असेपर्यंत दर तासाला मोजायची, दिवसातून दोनदा पाण्याचं तापमान घ्यायचं, आणि महिनाअखेरीस सगळे आकडे दिल्लीला पाठवायचे. असे आकडे वर्षानुवर्षं साठले की किनारा कुठे खचतो, नवीन धक्का किती उंच बांधावा, वादळाचं पाणी किती आत शिरेल, हे सांगता येतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आज हे लिहितानाही मला त्या काट्याची लाज वाटत नाही.

बर्फाच्या कारखान्यामागे भाड्याच्या दोन खोल्या हे आमचं ऑफिस. खोल्या एका व्यापाऱ्याच्या. पातळी मोजायची पट्टी केंद्र सरकारची, ती जिच्यावर बसवली होती ती धक्क्याची भिंत राज्याच्या बंदर खात्याची. ‘आणि समुद्र कोणाचाच नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी सही करत नाही,’ असं साहेब म्हणत. साहेब सांगलीकडचे. माशांच्या बंदरावर सात वर्षं काढलेला शाकाहारी माणूस. दिल्लीहून पत्र आलं की ते आधी तारीख बघत, मग सही, आणि मजकूर सगळ्यात शेवटी.

त्याला कारण होतं. आमचं केंद्र ‘योजनेतलं’ होतं. म्हणजे पंचवार्षिक योजना चालू आहे तोवर आम्ही. योजना संपली की पुढच्या योजनेत आम्हाला घ्यायचं की नाही, हे नव्याने ठरणार. कायमच्या खर्चात आमचं नाव गेलं तरच आम्ही कायम. त्यातही पदांना मंजुरी दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतच असे. ती पुढे चालू ठेवल्याची तार मार्चच्या मध्यावर कधीतरी येई. मधले पंधरा दिवस आम्ही नोकरीत आहोत की नाही हे कोणालाच ठाऊक नसे. तरी भरती-ओहोटी चालूच असे, म्हणून आम्हीही जात असू.

माझं गाव देवरूखच्या पुढे डोंगरात. शाळा देवरूखला, कॉलेज रत्नागिरीला, दोन्ही फीमाफीवर. घरातला मी पहिला पदवीधर. वडील अलोऱ्याला प्रकल्पावर मजूर होते. बोगद्याचं काम संपल्यावर मस्टरवरची माणसं कमी झाली, त्यात ते गावी परतले. माझी नेमणुकीची ऑर्डर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते हात जोडून ऐकत होते. एका शब्दावर त्यांनी मला थांबवलं.

“तात्पुरतं म्हणजे मस्टरच ना?”

“नाही हो बाबा. हे शास्त्राचं काम आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “शास्त्राचं मस्टर.”

पट्टी वाचण्याचं मुख्य काम चाचांकडे होतं. साठी उलटलेली, पूर्वी शिडाच्या गलबतावर तांडेल होते, बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. आमच्याकडे रोजंदारीवर. धक्क्याच्या टोकाला उलट्या खोक्यावर बसून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला ते पट्टीवरची पातळी वाचत. तीन लाटा जाऊ द्यायच्या, वरची खूण आणि खालची खूण बघायची, मधला आकडा लिहायचा. रजिस्टरमध्ये आकडे मराठीत, सही उर्दूत. शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जात, तेवढी एक वाजताची नोंद माझी. एरवी ईदेला आणि त्यांच्या आजारपणात मी, माझ्या सुट्टीत साहेब. असं करत सात वर्षांत एकही चौकोन रिकामा राहिला नव्हता.

त्या वर्षी योजना संपत आली होती. जानेवारीत पत्र आलं की दिल्लीहून एक समिती सगळ्या केंद्रांची पाहणी करणार आहे, आणि कोणती केंद्रं कायम करायची, कोणती बंद करायची, याची शिफारस करणार आहे. आमच्याकडे ती एका सोमवारी येणार होती. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, “आपल्याकडे दाखवायला काय आहे? इमारत नाही. गाडी नाही. यंत्र नाही. एकच आहे. अखंड नोंद. तीच दाखवायची.”

त्यानंतरचे तीन आठवडे मी जमिनीवर नव्हतो. कोकणात साहेब येणार म्हटलं की आधी चुना आणि गेरू निघतो. शाळेत इन्स्पेक्टर येणार असले की आम्हीच पोरं पायऱ्यांना गेरू लावायचो. ते माझ्या हाडात होतं. मी खोल्यांना रंग काढला, रजिस्टरांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली, दारावर पाटी लावली. आणि मग मला पट्टी दिसली. सागवानी, दोन पुरुष उंच, वरच्या अर्ध्या भागातले रंगवलेले आकडे पुसट झालेले. खालचा अर्धा भाग बहुतेक पाण्यातच असे, तिथले आकडे लाकडात कोरलेले, त्यावर शेवाळ. देशाची पट्टी अशी कशी दाखवायची?

शेजारीच होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री काम करत. रंगाचं कामही तेच करत. मी त्यांना म्हटलं, “वरचे आकडे तेवढे नव्याने रंगवून द्या. पांढऱ्यावर काळे. आणि जागेवरच करा हं.”

“आता दिल्लीवाल्यांना आम्ही रंग शिकवणार म्हणायचं,” ते हसले. “करतो. होडीसारखी करतो.”

ते शुक्रवारी सकाळी लागले. मी त्या दिवशी ऑफिसात स्टेन्सिल कापत होतो. समितीसाठी सात विवरणपत्रं, प्रत्येकी पाच प्रती. पदं किती, मंजुरी कधीची, जागा कोणाची, खर्च कोणत्या शीर्षाखाली. एका रकान्यात विचारलं होतं, केंद्र बंद केल्यास देशाचं काय नुकसान होईल, आणि त्याला दोन ओळींची जागा दिली होती. त्या दोन ओळींवर मी सकाळपासून अडून बसलो होतो. मान वर केली तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी धक्क्यावर पळत गेलो. चाचा नमाजाहून परत येऊन खोक्यावर बसलेले. त्यांनी दोनचा आकडा लिहिला होता. बाराचाही होता. मधला चौकोन कोरा.

“तुझा एकचा उतरायचा राहिला वाटतं,” चाचा म्हणाले.

“कागदावर टिपलाय, चाचा.”

हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. रजिस्टर गुडघ्यावर घेतलं आणि बारा आणि दोनच्या मधला आकडा काढला. तो फार सरळ दिसला, म्हणून त्यातून दोन सेंटिमीटर कमी केले. मग लिहिला. चाचा समुद्राकडे बघत होते. मिस्त्री वरच्या आकड्यांना काळा रंग भरत होते आणि पट्टी खरंच सुंदर दिसत होती.

पुढचे आठ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की सात वर्षांतल्या हजारो आकड्यांत एक. शिवाय तो खऱ्याच्या जवळच असणार. समुद्र काही एका तासात उडी मारत नाही.

रविवारी, समिती येण्याच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसात भिंतीवर तक्ते लावत होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास चाचा वर आले. ते कधी वर येत नसत. काही हवं असेल तर खालून शीळ घालत.

“खाली चल,” एवढंच म्हणाले.

अमावास्येचं उधाण होतं, पाणी खूप मागे गेलेलं. धक्क्यापासून जरा अंतरावर पाण्यात बुडालेल्या कातळाची एक काळी खडप आहे. उधाणाच्या ओहोटीलाच तिचं डोकं उघडं पडतं.

“ते बघ,” चाचा म्हणाले. “ती उघडी पडायला लागते तेव्हा पट्टीवर पाणी कुठे असतं?”

मला माहीत नव्हतं. मी पट्टी वाचत असे, खडप नाही.

“सात वर्षं मी बघतोय. त्या दोन खुणांच्या मध्ये असतं. आज बघ कुठे आहे ते. चार बोटं वर. खडप वर आली नाय आणि समुद्र एका आठवड्यात चढला नाय. मग काय झालं?”

आम्ही दोघे मिस्त्रींकडे गेलो. ते एका होडीच्या पोटाखाली उताणे पडून फटींत कापूस ठासत होते. मी विचारलं, “मिस्त्री, तुम्ही पट्टी हलवली होती का?”

“हलवली म्हणजे? काढलीच होती,” ते होडीखालूनच म्हणाले. “बूड कुजलेलं होतं. हाताला भुसा लागत होता. कुजक्या लाकडावर मी रंग मारू? उद्या कोणी विचारलं हे काम कोणाचं, तर माझंच नाव निघणार. वरचे बोल्ट सोडले, खेचली वर, कुजका भाग कापला, परत खोबणीत उभी केली. त्याचं मी तुमच्याकडे काही मागितलंय का?”

“किती कापला?”

“चार बोटं. कुजलं होतं तेवढंच. एक सूतही जास्त नाय.”

होडीचं कुजकं लाकूड कापल्याशिवाय तिला रंग लावायचा नाही, हे त्या बंदरावरच्या पोरालाही ठाऊक. मिस्त्रींनी आमच्या पट्टीला होडीइतकीच माया लावली होती. पट्टी चार बोटं खाली बसली होती आणि तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये समुद्र चार बोटं वर चढला होता.

“कधी काढलीस?” चाचांनी विचारलं.

“परवाच्या नाय, त्या आधीच्या शुक्रवारी. तू नमाजाला गेलास तेव्हा. तू असतास तर हात लावू दिला असतास? साडेबाराला काढली. दीडला परत जागेवर.”

“दीडला?”

“दीडला. भोंगा झाला बर्फवाल्यांचा.”

“म्हणजे एक वाजता पट्टी कुठे होती?”

“कुठे म्हणजे? माझ्या करवतीखाली.”

चाचा माझ्याकडे वळले. त्यांची नजर रागाची असती तर मला सोपं गेलं असतं. परत धक्क्याकडे चालताना ते म्हणाले, “तो कागद आहे का रे, ज्याच्यावर एकचा टिपला होतास?”

मी उगीच खिसा चाचपला.

“ठेवला असशील कुठेतरी,” ते म्हणाले, आणि खोक्यावर जाऊन बसले. सहाची नोंद व्हायची होती.

साहेब जवळच राहत. मी त्यांना पट्टीचं सांगितलं. एकच्या नोंदीचं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे बघ, यात घाबरण्यासारखं काही नाही. वरच्या रस्त्याकडेला खडकात आपला पितळी खिळा आहे. त्याची उंची पक्की आहे. परवा दुर्बीण लावू, खिळ्यापासून पट्टी किती खाली बसलीय ते काढू, त्या शुक्रवारपासूनचे आकडे तेवढ्याने कमी करू. सोपं आहे.”

“पण उद्या?”

“उद्या कोणी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर ढोल पिटायचा नाही. मी सात वर्षं दिल्लीत एकच शब्द घेऊन फिरतोय. अखंड. तो उद्याचा एक दिवस टिकू दे.”

त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही पूर्ण वाटत नाही. पण दुरुस्ती करायची तर पट्टी कधी हलली ती वेळ लिहावी लागणार होती. साडेबारा ते दीड. आणि त्याच रजिस्टरमध्ये एकच्या चौकोनात माझ्या अक्षरात एक आकडा बसला होता. पट्टीचं खरं सांगितलं की माझं खोटं आपोआप उघडं पडणार होतं. नाही सांगितलं तर दिल्लीला चढलेला समुद्र जाणार होता. त्या रात्री झोप आली नाही, आणि सकाळी सहाच्या आधीच मी बंदरावर फेऱ्या मारत होतो. मासळीचा लिलाव सुरू झाला होता. एक बाई मला म्हणाली, “घ्यायचं असेल तर घे, नायतर वाट सोड. सकाळपासून नुसता तरंगतोयस.”

समितीत मुख्य दोनच माणसं होती. अध्यक्ष म्हणजे दक्षिणेकडचे एक वयस्क शास्त्रज्ञ, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. दुसरे वित्त विभागाचे अधिकारी, पोलिश केलेले बूट, हातात फाइल. बोलणं हिंदीत आणि इंग्रजीत चाललं होतं. अधिकाऱ्यांनी विवरणपत्रं वाचली होती, अगदी त्या दोन ओळींसकट. त्यामुळे मला त्यांचा आदरच वाटला. धक्क्यावर आल्यावर त्यांनी चाचांनाच विचारलं, “रोज तेच पाणी वर, तेच पाणी खाली. यात नवीन काय लिहिता?”

“नवीन काय नाय साहेब,” चाचा त्यांच्या गलबती हिंदीत म्हणाले. “नवीन होईल त्या दिवशी कळलं पाहिजे, म्हणून जुनं लिहून ठेवतो.”

अध्यक्ष हसले. त्यांनी रजिस्टर मागितलं. ताजं पान न बघता ते मागे मागे गेले, पावसाळ्यातली पानं चाळली. पाण्याने शाई पसरलेली एक नोंद त्यांनी बोटाने हलकेच चाचपली.

“सात वर्षांत एकही चौकोन रिकामा नाही?”

“एकही नाही, सर,” साहेब म्हणाले.

“मी हेच मांडणार आहे,” अध्यक्ष वित्त अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले. “मोठ्या संस्थांकडे इमारती असतात, त्या दाखवून पैसा मिळतो. अशा ठिकाणी आमच्या हातात दुसरं काहीच नसतं. असं रजिस्टर मी अजून कुठे पाहिलं नाही. मी ‘अखंड’ असं लिहितो, आणि खाली माझी सही करतो.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. ते लिहायला लागले असते, आणि मला ते बघवलं नसतं. या माणसाने आमच्यासाठी आपलं नाव खाली घालावं, आणि वरचा शब्द माझ्यामुळे खोटा असावा! माझं शिक्षण कोणीतरी अशाच सह्या करून दिलेल्या फीमाफीवर झालं होतं. मी साहेबांकडे न बघता म्हणालो, “सर, तो अखंड नाही.”

मग मी सगळं सांगितलं. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, अर्धं हिंदीत सांगितलं. पट्टी, कापलेलं लाकूड, साडेबारा ते दीड. शेवटी एक वाजता.

“एकचा आकडा कोणी लिहिला?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी.”

“पाहून?”

“नाही.”

पलीकडे ट्रॉलरवर कोणीतरी बर्फ ओतत होतं. वित्त अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. ते रागावले नव्हते. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “मग सात वर्षांतले असे आणखी किती?”

“एकच, सर.”

“हे तुम्हीच सांगताय.”

  चाचा खोक्यावरून उठले. “बाकीचे माझे आहेत, साहेब,” ते म्हणाले. “आणि याचे शुक्रवारचे. ते मी नमाजाहून आलो की खडकावरची ओल बघून ताडून पाहायचो. एवढा एकच मी बघितला नाय, पोरगा कामात होता म्हणून.”

माझ्या शुक्रवारच्या नोंदी ते तपासत असत, हे मला त्या क्षणी कळलं.

“लेव्हल आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

मी पळत जाऊन दुर्बिणीची पेटी आणि मोजणीची काठी आणली. पुढचा दीड तास तो म्हातारा माणूस पँट दुमडून आमच्याबरोबर उन्हात होता. पितळी खिळ्यावर काठी धरायला साहेब, पट्टीशी चाचा, दुर्बिणीला मी. अध्यक्ष कार्यक्रमपत्रिकेच्या मागे वजाबाक्या करत होते. वित्त अधिकारी जीपच्या सावलीत उभे होते, दोनदा घड्याळ बघितलं, मग तेही आले आणि आकडे मोठ्याने म्हणून घ्यायला लागले. फरक सात सेंटिमीटरांहून किंचित जास्त निघाला. मिस्त्रींची चार बोटं बरोबर होती.

अध्यक्षांनी रजिस्टर घेतलं. एकच्या चौकोनातल्या आकड्यावर एक बारीक आडवी रेघ मारली, बाजूला कारण लिहिलं, सही केली. “खोडायचं असं, की खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे,” ते मला म्हणाले. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही की रागावलेही नाहीत. विश्रामगृहावर जेवण वाट बघत होतं, ते निघून गेले.

साहेब तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. मला ते टोमणे मारते तर बरं झालं असतं. मी रोज टपालाची वाट बघे. पोस्टमन बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर दिसला की हातातलं काम सुटायचं. मार्चची तार आली, पण ती नेहमीची, पुढच्या मंजुरीपर्यंतची. वडील गावाहून आले, म्हणाले, “कायम झालास?” मी म्हटलं, “ठरतंय.” त्यांनी पुढे विचारलं नाही. मला मात्र वाटत राहिलं की केंद्र बंद झालं तर हे मी त्यांना कसं सांगणार? ज्या एका शब्दावर तिघांची भाकरी आणि सात वर्षांचं काम उभं होतं, तो मी माझ्या तोंडाने काढून घेतला. नसता काढला तर काय झालं असतं, हे मी असंख्य वेळा मनात चालवून बघितलं. कधी मी बरोबर निघे, कधी चूक.

मेमध्ये पत्र आलं. साहेबांनी तारीख बघितली, सही बघितली, मजकूर वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“वाच. मोठ्याने.”

केंद्र बंद होणार नव्हतं. कायमही नाही. एक वर्षाची मुदतवाढ, मग पुन्हा पाहणी. मागील नोंदी शास्त्रीय उपयोगासाठी ग्राह्य, एक नोंद वगळून. साधनसामग्रीला परवानगीशिवाय कोणाचा हात लागू नये, म्हणून बंदर खात्याशी लेखी करार करावा. तांत्रिक सहायकास, म्हणजे मला, समज द्यावी. मानवी चूक टाळण्यासाठी स्वयंचलित नोंदयंत्र बसवावं. ते बसणार असल्याने रोजंदारी निरीक्षकाचं काम महिनाअखेरीपासून चालू ठेवण्याची आवश्यकता नाही.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

“चूक पकडली कोणी?” मी म्हणालो. “साहेब, ती चाचांनीच पकडली. हे यात कुठेच नाही.”

“कारण ते कोणी लिहून दिलं नाही,” साहेब म्हणाले. “तू तुझी चूक सांगितलीस. त्यांचं काम सांगायला कोणाला वेळ होता?” मग त्यांनी कोरा कागद ओढला. “लिही. तू मसुदा कर, मी माझ्या सहीने पाठवतो. शिफारस मी स्वतः लिहीन. कडक लिहीन.”

आम्ही तो मसुदा त्या दुपारी चार वेळा लिहिला. तीन महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलत होतो. पत्र गेलं. त्याचं उत्तर मी तिथे असेपर्यंत आलं नाही.

चाचांना सांगायला मीच गेलो. ते खोक्यावर बसून पाचची नोंद लिहीत होते. मी पत्राचा तेवढा भाग मराठीत सांगितला. त्यांनी सही पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं.

“यंत्र कधी येणार?”

“खरेदीची मंजुरी आली की.”

“म्हणजे एक पावसाळा तर नक्की. पट्टीला चार बोटं कापायला तासभर, आणि यंत्र यायला वर्ष.” ते हसले, पण लगेच थांबले. “तुला वाईट वाटतंय?”

“हो.”

“वाटू दे. मलाही वाटतंय. रोज यायची सवय झालीय, आता घरात काय करू? सून आधीच म्हणते, चाचा घरात असले की घड्याळ बघतात.” त्यांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. “तोवर नोंद कोण घेणार?”

“मी.”

“सहापासून सहा? आणि ऑफिसचं?”

“साहेब आणि मी वाटून घेऊ.”

“सहाला यायचं म्हणून सहाला येशील, तर तिसऱ्या लाटेला पोचशील आणि पहिल्या दोन सुटतील. पावणेसहाला ये.”

एक तारखेला मी पावणेसहाला गेलो. खोका रिकामा होता. चाचा जरा लांब, मिस्त्रींच्या होडीला टेकून उभे होते, हात मागे बांधून, जणू सहज फिरायला आलेत. मी तीन लाटा जाऊ दिल्या, आकडा लिहिला, सही केली. ते हलले नाहीत. सात वाजताही ते तिथेच होते.